धडा

गुरं तोलायच्या काट्यावर आम्ही इंजिनं तोलतो आहोत,
एरिबेर्तोमामा आणि मी.
गुरं कधीच विकली. जमीन सोयाबीनवाल्यांना भाड्यानं.
काटा तेवढा उरला, शेणाचा जुना वास धरून,
राफाएलाच्या पश्चिमेला, जिथे रस्ता
शेवटच्या सायलोपाशी डांबर सोडून देतो.

आधी धडा करायचा, हा मामाचा एकच नियम.
साखळीचा, फळीचा, आकड्याचा, सगळ्याचा धडा.
रिकाम्या काट्यालाही वजन असतं म्हणतो,
ते वजा केल्याशिवाय कुणाला जड म्हणू नये.

पहिलं माझ्याच पिकअपचं. सरळ रांगेत सहा सिलिंडर,
सगळं बीड, सगळं काळं.
साखळी करकरते, फळी दबते,
काटा दोनशे अठराशी येऊन थरथरतो.
"तेलासकट?"
तेल काढलंय.
"फ्लायव्हील?"
आहे.
"मग तसं सांग. नुसतं वजन म्हणजे काहीच नाही.
लोक थापा मारत नाहीत, नेलिदा,
काय काय काढून तोललं तेवढं फक्त सांगत नाहीत."

वहीत शिसपेन्सिलीचे रकाने:
कोरडं. ओलं. स्टार्टरसह. अल्टरनेटरविना.
एका पानावर बावीस किलोंचा घोळ
आणि समासात बारीक अक्षरात,
त्या दिवशी फळीवर कुत्रा झोपला होता.

दुसरं डिझेल. दोनशे त्रेसष्ट.
ट्रॅक्टरच्या चुलत घराण्यातलं, रुंद खांद्यांचं.
त्याला उचलताना मामा टोपी काढून ठेवतो.
"हे म्हणजे आपले फादर बाउदिलिओ.
बोलतात कमी, पण जागचे हलवायला चार माणसं लागतात."

तिसरं सांता फेच्या भंगारातून आणलेलं.
ॲल्युमिनियम, चार सिलिंडर, फिकट,
उन्हात पडलेल्या पक्ष्याच्या हाडासारखं.
सत्त्याण्णव.
मी टिचकी मारते. घंटेचा नाही, ताटलीचा आवाज येतो.
मामा पुन्हा धडा करतो, पुन्हा तोलतो.
सत्त्याण्णव.
"आणि ताकद?"
जवळपास तेवढीच. काकणभर जास्त.
तो बराच वेळ चिंधीला हात पुसत राहतो,
हात केव्हाच स्वच्छ झालेले.
मग कोपऱ्यातल्या बीडाकडे बघत, त्याला ऐकू जाऊ नये असं:
"म्हणजे वरचे एकशे एकवीस किलो
आपण इतकी वर्षं कशासाठी वाहिले?"

मला उत्तर सुचत नाही.
एकदा पुरात ही गाडी पुलावर टिकली होती
आणि शेजाऱ्याची हलकी गाडी वाहून गेली होती.
पण तेव्हा मागे गव्हाची पोतीही होती.
पुन्हा तेच. काय काय धरून तोलायचं.

तीन रविवार लागले.
माउंटिंग नवे वेल्ड केले, बोटं भाजली,
एक नट अजून सापडलेला नाही.
शेवटी जॅक काढला, गाडी जमिनीवर टेकली
आणि तिचं नाक चार बोटं वर.
स्प्रिंगा छत्तीस वर्षं एका ओझ्याशी जुळवून बसल्या होत्या.
ओझं गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

दिवे लावते. रस्त्यावर अंधार.
उजेड सगळा निलगिरीच्या शेंड्यात,
तिथल्या पोपटांच्या काटक्यांच्या घरट्यात एकदम कलकलाट,
कुणाच्या तरी झोपेत सकाळ झाल्यासारखा.

"स्प्रिंगा कापाव्या लागतील."
"कापू. उद्या."
मामा पुढे जातो, बंपरवर बसतो, पाय उचलून घेतो.
उजेड थोडा उतरतो,
शेंड्यावरून फांदीवर. रस्त्यापर्यंत काही येत नाही.
पासंगालाही पुरत नाही तो.

"किती भरलास रे?" मी आतून ओरडते.
"एकाहत्तर," तो म्हणतो. "बूट धरून."
आणि जरा थांबून,
"जेवण व्हायचंय अजून."